बाबांनी तपासलेलं उत्तर

मंगळवार, १२ ऑगस्ट. बेहाला, कोलकाता.

बाबांनी पेन्सिलीने लिहिलेला तो एक शब्द डोळ्यांसमोरून हलत नाही.

स्पर्धा परीक्षेसाठीची माझी सरावाची उत्तरं बाबा रोज मेट्रोने ऑफिसातून आले की तपासतात. पुण्याच्या ऑनलाइन क्लासच्या सरांचं एकच पालुपद असतं, मुद्दे सगळेच लिहितात, जिवंत उदाहरण हवं. आजचा प्रश्न प्रशासनातल्या दिरंगाईवर होता. मी लिहिलं, एका विधवेची पेन्शनची फाइल केवळ एका सहीसाठी आठ महिने पडून राहिली, अधिकाऱ्याच्या असंवेदनशीलतेमुळे. सरांचं दुपारीच 'उत्तम' आलं. मी हरखले.

ही गोष्ट बाबांनीच सांगितली होती, मागच्या महिन्यात, जेवताना, आपणहून. नागपूरला असताना सही त्यांचीच राहिली होती. ती बाई अजून आठवते म्हणाले होते. नाव गाळलं की झालं, असं कसं वाटलं मला? वर वही त्यांच्याच हातात दिली. विसरले होते, की ते काय म्हणतात ते बघायचं होतं? खरंच सांगता येत नाही.

त्यांनी सावकाश वाचलं. 'असंवेदनशीलता' खोडतील असं वाटलं, पण त्याला हातही लावला नाही. "उदाहरण चांगलं आहे गं, राहू दे," म्हणाले आणि कपडे बदलायला आत गेले.

मग मी वही उघडली. 'आठ'वर काट मारून वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, अकरा.

जेवताना मला त्यांनी आठच सांगितले होते.