मधली जागा

माय, आज एका पोरीच्या हातातून मी चेंडू काढून घेतला आणि तेव्हापासून तूच आठवत राहिलीस.

तू होतीस तेव्हा बेसबॉल हा शब्दसुद्धा आपल्या घरात आला नव्हता, म्हणून आधी तेवढं सांगते. मोहाडीच्या शाळेत मी पोरींना हा खेळ शिकवते. एक पोरगी चेंडू फेकते, समोरची बॅटनं मारते. फेकणारी ती पिचर. सगळा भार तिच्या खांद्यावर. एकीलाच रोज फेकायला लावलं तर खांदा जातो, म्हणून आज ही, उद्या ती, असं आलटून-पालटून खेळवायचं. ते ठरवणं माझं काम. माझी सगळ्यात जोरात फेकणारी पोरगी उन्हाळ्यात खांदा धरून बसली. डॉक्टर म्हणाले, आराम. मी तिला सरावातून मोकळी केली आणि फार शहाणपणा केला असं वाटलं मला. अगं, पण आपल्याकडे पोरगी मोकळी झाली म्हणजे रोवणीला एक बाई वाढली! पावसाळ्यात तिच्या गावी गेले, तर ही शेतात, बांधीत, गुडघाभर चिखलात, त्याच हातानं धानाची रोपं खोचते आहे. वर मलाच म्हणते, "चेंडू तर नाही फेकून राहिली ना मी, मॅडम?" कपाळ माझं! तिच्या आईजवळ बांधीच्या काठी धुऱ्यावर बसून समजूत घातली, तेव्हा कुठे त्या खांद्याला खरा आराम मिळाला.

तिला चिखलात वाकलेलं पाहिलं आणि आंबागडाखालची आपली ती बांधी डोळ्यांसमोर आली. आदल्या वर्षी तू धुऱ्यावरून घसरून पडली होतीस, खांदा निखळला होता. पुढच्या रोवणीला तू पुन्हा टोळीत उभी राहिलीस. टोळीची म्होरकी आपली मोठीमाय. तिनं तुला ओळीत मधात उभं केलं. दुखण्यातून उठलेल्या बाईला, बाळंतपणावरून आलेल्या बाईला मधात घ्यायचं, आणि दोन्हीकडच्या बायांनी हात लांबवून तिच्या वाट्याची थोडी थोडी रोपं लावून टाकायची, असं आपल्याकडे चालतच आलं आहे. मी धुऱ्यावर बसून बघते आहे. थोड्या वेळानं तुझ्या ते लक्षात येतं. तू ताठ उभी राहतेस, कमरेवर हात ठेवतेस. "काहून वो, माझी जागा काहून खाऊन राहिल्या? मी काय लुली झाली?" बाया हसतात. मोठीमाय म्हणते, "राहू दे ना वो, आजच्या दिवस." पण तू ऐकशील तर ना! तू तरातरा काठाला जातेस, जिथली बाई सगळ्या ओळीची चाल ठरवते, आणि दिवस बुडेपर्यंत कुणाला पुढं जाऊ देत नाहीस. मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा.

त्यानंतर तो हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. त्याआधी रोज सकाळी तू मला समोर बसवून वेणी घालायचीस, लाल रिबिनीची. मग तू डाव्या हातानं करून पाहिलंस, मला खाली पाटावर बसवून पाहिलंस. शेवटी एक दिवस कात्री घेतलीस. "उवा होऊन राहिल्या तुले," म्हणालीस, आणि कानापर्यंत केस कापून टाकलेस. माझंच काही चुकलं असं वाटलं मला. केस पुन्हा वाढायच्या आत थंडीत तापानं तू गेलीस. माय, मला तुझा राग येतो. एवढ्या वर्षांनीसुद्धा येतो. एक दिवस मधात उभी राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?

आज भंडाऱ्याला शेवटचा सामना होता. पोरगी बरी होऊन परत आलेली, तिला पहिला चेंडू तिच्याच हातून हवा होता. मी सांगितलं, सुरुवात दुसरी करेल, शेवट तिसरी, तू मधात. तिचं तोंड उतरलं. "मले दया नको, मॅडम. मी बरी झाली." अगदी तुझा आवाज गं! मी खेकसलेच, "दया-बिया काही नाही. मधात खेळशील, नाहीतर बाकावर बस." खेळली, आणि काय खेळली! समोरच्यांना चेंडू दिसेना. मग एकदा फेकून झाल्यावर तिनं हात हळूच झटकला आणि पाठीमागं लपवला. मी सामना थांबवून मैदानात गेले. ती मूठ उघडेना. "एकच बॅटर, मॅडम. पाया पडतो तुमच्या." मी म्हटलं, "दे." चेंडू दिला आणि मान फिरवली.

आम्ही हरलो. गाडीत पोरी खिडकीकडे तोंड करून बसल्या. मागून एकीचा बाप ऐकू जाईल असंच म्हणाला, "मॅडमनंच हरवलं." वाटेत चहाला थांबलो. ती पोरगी गाल फुगवूनच खाली उतरली, विस्कटलेले केस सोडले, रिबीन दातात धरली, आणि दोन्ही हात डोक्यामागं नेऊन वेणी घालायला लागली. दुखरा हातसुद्धा वर गेला, माय, पुरता वर गेला. मी गाडीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. पोरींना वाटलं, कप गेला म्हणून. वाटू दे.

हा कागद कुठं टाकणार? तुला तर वाचताही येत नव्हतं. राहील किटच्या पिशवीत, ग्लव्हजखाली. एवढंच सांगायचं राहिलं. माझे केस अजून आखूडच आहेत. पोरी विचारतात, "मॅडम, केस काहून नाही वाढवत?" मी म्हणते, उन्हात बरं पडते. खोटं बोलते मी. वाढवले असते तर वेणी घालावी लागली असती, अन् ते तुह्याच हातची पाहिजे होती मले.