लल्ला बेयाला, कासवाच्या बाबतीत

बिझर्त, २१ सप्टेंबर

आदरणीय लल्ला बेया,

धाकट्या तय्यबचा सलाम, आणि दोन्ही गालांचे मुके. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का, की अजून मार्सेयच्या वाऱ्यालाच शिव्या घालतात? पोरांना आशीर्वाद सांग. (पोरं म्हणजे चाळिशीची झाली असतील आता, पण माझ्या डोळ्यांपुढे ती अजून खरबुजाच्या फोडीवरून भांडतायत.) इकडचं म्हणशील तर देवाच्या कृपेने सगळं ठीक. लिंबाला यंदा बरी फळं आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर मी ‘कासव’ एवढा शब्द काढला की तू ‘तय्यब, भाजी करपतेय’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. उन्हाळाभरात तुझी अकरा वेळा भाजी करपली, लल्ला. इतकी वाईट स्वयंपाकीण तू नाहीस. म्हणून लिहायला बसलो.

जूनमध्ये शेजारचे भाडेकरू गेले. (तेच, ज्यांचा रेडिओ बंदरापर्यंत ऐकू जायचा.) खाटा नेल्या, फ्रीज नेला, गच्चीवरची कपडे वाळवायची दोरीसुद्धा सोडवून नेली, आणि कासव तेवढं मागे ठेवून गेले. मला ते ठाऊक नव्हतं. आठवड्याने दुपारी मी पाव आणायला निघालो, तर गल्लीत उभ्या असलेल्या गाडीखाली पिवळं-काळं काहीतरी पडलेलं. मला वाटलं, कुणाचं तरी हेल्मेट. उचललं तर त्याला चार पाय. कुण्या फुटबॉलवेड्याने त्याची पाठ गावच्या संघाच्या रंगात रंगवली होती, तीही दाराखिडक्यांच्या ऑइलपेंटने. पाठीच्या कडेला भोक पाडून तार ओवलेली होती, ती तशीच मागे फरफटत होती. डोळे चिकटलेले, वरचा ओठ पोपटाच्या चोचीसारखा वाढलेला. गल्लीतल्या मांजरांना टाकलेल्या लालभडक मॅकरोनीवर ते दिवस काढत होतं. तू मला ओळखतेस. मी आयुष्यात कुंडीतली पुदिन्याची काडीसुद्धा जगवलेली नाही. तरी ते घरी आणलं.

आई आपल्या जुन्या कासवाला कोमट पाण्यात बसवायची, एवढं आठवत होतं. बसेल असं भांडं शोधलं तर एकच सापडलं, आईची कुसकुस मळायची लाकडी परात. (लल्ला, आधी श्वास घे आणि मग पुढे वाच. मी ती तीनदा धुतली आहे.) ते पाण्यात बसलं, आणि बऱ्याच वेळाने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळा तपासायला आलेले अधिकारी माझ्या वर्गाकडे पाहायचे. दुसऱ्या दिवसापासून मी कालव्याच्या कडेला पाला खुडायला जाऊ लागलो. निवृत्त मास्तर पिशवी घेऊन गवतातून वाकून हिंडतोय, ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? गल्लीतल्या बायकांनी ठरवलं की माझं पेन्शन बंद झालं आणि मी पाला खाऊन जगतोय. त्या आठवड्यात माझ्या दाराशी तीन ताटं कुसकुस, एक भरली मिरची आणि अर्धं कोकरू, म्हणजे कोकराचा खांदा, येऊन पोचला. मी खुलासा केला नाही. खांदा संपल्यावर केला.

समोरची नफीसामावशी मात्र पहिल्याच दिवशी उंबऱ्यात उभी राहिली. ‘लग्न केलं असतंस तर आज कासवाचे पाय धूत बसला नसतास,’ म्हणाली. मग वाकून नीट पाहिलं आणि ओरडली, ‘तय्यब, अरे हा तुमचा हरवलेला कप्तान. डोळे बघ. थेट तुझ्या बापासारखा रुसून बघतो.’

आता कप्तानबद्दल तुला मी काय सांगावं! तुझ्या सपातांचा आवाज ओळखून अंगणभर टकाटक धावत येणारा (धावत म्हणजे त्याच्या हिशेबाने), ईदच्या सकाळी आईकडून पाठीला ऑलिव्हचं तेल लावून घेणारा, बाबांच्या फेरीबोटीवरच्या टोपीत झोपणारा कप्तान. बाबा म्हणायचे, कालव्यावर दोनच जण कधी घाई करत नाहीत, माझी फेरीबोट आणि हा. मग कालव्यावर पूल झाला. तो सुरू झाला त्या दिवशी सगळं गाव बघायला लोटलं, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहिले, कारण त्यांच्या फेरीबोटीचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी आपण परतलो तर दार सताड उघडं आणि कप्तान नाही. शेवटी तू बाहेर पडलीस, असं आईने ठरवून टाकलं. तू चार दिवस जेवली नाहीस, आणि एका शब्दाने उलट बोलली नाहीस. लल्ला, मी टोपी विसरलो म्हणून मागे गेलो होतो. ते दार मी उघडं टाकलं. चाळीसहून जास्त वर्षं हे वाक्य मी कुणाजवळ काढलेलं नाही. आई गेली तेव्हा तुला सांगणार होतो, पण तू इतकी रडत होतीस की हिंमत झाली नाही.

म्हणून नफीसामावशीचं म्हणणं मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. कप्तान परत आला असेल तर माझी सुटका होती! टोपलीत निवडुंगाचं पान घातलं, वर कासव ठेवलं आणि मातर गावी जाणारी भाड्याची गाडी पकडली. (तिथे जनावरांची चांगली डॉक्टर आहे म्हणतात.) गाडीत एक बाई सारखी टोपलीत डोकावून ‘रस्सा करणार का?’ विचारत होती. दवाखान्यात माझ्यापुढे सहा मेंढ्या आणि एक गाय. सगळे मालक माझ्या टोपलीकडे दयेने बघत होते. डॉक्टरीण तुझ्या धाकटीच्या वयाची. तिने तार काढली, चोच कानशीने घासली, रंग हळूहळू खरवडला, आणि मी पाल्याबरोबर दूध-पावही घालतो हे ऐकून मला मेंढ्यांच्या देखत झापलं. मग विचारलं, ‘किती वर्षं आहे तुमच्याकडे?’ मी छाती काढून म्हणालो, ‘पन्नास. याचं नाव कप्तान.’ तिने त्याला उलटं केलं, शेपटी पाहिली, आणि फार हळू आवाजात म्हणाली, ‘काका, हा कप्तान नाही हो. ही बाई आहे. आणि वय असेल पंचवीसेक.’

परतीच्या गाडीत ड्रायव्हरने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, डोळ्यांत धूळ गेली. खिडक्या बंद होत्या. वाटेत वाटलं, माळावर उतरवून द्यावं, आपलं काय नातं? टोपलीत हात घातला तर तिने अंगठ्याला कडकडून चावा घेतला. कप्तान कधी कुणाला चावला नव्हता. म्हटलं, बरोबर आहे बाई, तू तू आहेस. तुला त्याच्या नावाने कशाला घरात घेऊ? आता ती लिंबाखाली राहते, पाठ धुऊन मधासारखी झाली आहे, आणि रोज सकाळी माझ्या खोलीच्या दारावर टकरा देऊन मला उठवते. नफीसामावशी तिला ‘सूनबाई’ म्हणते आणि अख्ख्या गल्लीला तेच शिकवते. मी विरोध सोडून दिला. खरं सांगू? आई गेल्यापासून या घरात मी सकाळी कुणाशी बोललो नव्हतो. तू म्हणतेस, त्या घरात आता उरलंय काय. मीही तेच म्हणायचो.

भावोजींना सलाम. दाराबद्दल जमलं तर माफ कर, नाहीतर दोन शिव्या लिहून पाठव, तुझ्या अक्षरात.

तुझाच,
तय्यब

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. दहा ऑक्टोबरला माझं पोटाचं ऑपरेशन आहे. हर्निया. डॉक्टर म्हणतात, साधं असतं. ते कापणार माझं, त्यांना साधंच वाटणार. आठ दिवस दवाखान्यात जातील. सूनबाई थंडीत मातीखाली झोपायला जाण्याआधीचे हे दिवस नाजूक, रोज पाला हवा, दोन दिवसांनी कोमट पाणी. तिला परक्या हातात देववत नाही. तू पंधरा दिवस येऊन जा. माझ्यासाठी नव्हे, मुक्या जिवासाठी म्हणतोय.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी पत्र नफीसामावशीला वाचून दाखवलं. ती इतकी भडकली की हातातलं गहू पाखडायचं सूप खाली ठेवलं. ‘मी काय मेले का? सूनबाईला मी बघते, असं तीनदा सांगितलं तुला! आणि बहिणीला खोटं लिहितोस?’ तर लल्ला, कासवाची सोय पहिल्यापासून झालेली आहे. तरी तू ये. मला भूल देऊन आत नेतील तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर आपलं कुणीतरी बसलेलं असावं, एवढंच.