कमलची फाईल कंप्यूटरमध्ये

४ फेब्रुवारी १९९६
मोठ्या दवाखान्यात कंप्यूटर आला! नातीची — कमलची — दोन वर्षांपूर्वीची क्षयाची फाईल त्यात चढवली म्हणे. पोरगी आता ठणठणीत आहे. पण शिंदखेड्याची सोयरीक बोलण्यात आहे. त्यांना कळलं तर?

६ फेब्रुवारी
पिंप्राळ्याहून पायीच गेलो. कंप्यूटरवाला मगन चहाला गेलेला. पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली — कंप्यूटर उघडायचा आकडाच! डॉक्टरांच्या स्कूटरचा नंबर. मी सातवी नापास, मलाही वाचता आला. शेजारचा औषध दुकानदार आला, बटणं दाबली, कुणाचं तरी नाव बघून गेला.

मगन आल्यावर त्याला सांगितलं, तर म्हणतो, “आबा, तुमच्या नातीला इथं कोण वळखतं?”

९ फेब्रुवारी
डॉक्टरांना भेटलो. म्हटलं, पुसून टाका.

“पुसता येणार नाही, आबा. उद्या तिला पुन्हा खोकला झाला, तर आधी कोणतं औषध दिलं ते कळायला हवं. पण भलत्याला दिसणार नाही, ते माझ्याकडे लागलं.”

स्वतः उठून चिठ्ठी फाडली. आकडाही बदलायला लावला. भला माणूस.

१० फेब्रुवारी
चिठ्ठी गेली. मगनच्या तोंडाचं काय?

१३ फेब्रुवारी
राहवलं नाही, परत गेलो. बाकांवर ही गर्दी! मला ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलणंही मोठ्यानं होतं. विचारलं, “कमलच्या क्षयाचं कुणाला दाखवलं नाहीस ना?”

मगननं कपाळावर हात मारला. “कंप्यूटरला कुलूप लावलं आबा, तुम्हाले कुठलं लावू?”

सगळे हसले. मीपण हसलो.

१७ फेब्रुवारी
सोयरीक मोडली. मध्यस्थ रुपचंद सांगायला आला. का मोडली, ते लोक बोलत नाहीत. पण रुपचंद म्हणाला, “त्या दिन मुलाना मामा बाकवर बशेल व्हता, आबा. बठ्ठं ऐकी लिन्हं त्यानी.”

मीच! माझ्याच तोंडानं! कमल भाकरी वाढत होती, तिच्याकडे बघवेना.

१८ फेब्रुवारी
कमलला सगळं सांगितलं. हात जोडले. तिनं ते धरून खाली केले.

“आबा, बघायला आले तेव्हाच मी मुलाला क्षयाचं सांगितलं होतं. तो म्हणे, चालेल, पण आमच्या घरात त्याबद्दल जन्मभर बोलायचं नाही. तुम्ही दवाखान्यात मोठ्यानं बोललात त्याच्या आदल्या दिवशीच मी पत्र टाकलं — नको म्हणून.”