यूज्ड टू म्हणजे काय

३ ऑक्टो. १९५६, बुध.
यांचं पत्र आलं. दादांना. मला नाही. धाकट्या भावाने थोरल्याला लिहायचं ते इंग्रजीत, ही या घरची रीत. मला लिहितात ते मराठीत, चार ओळी. प्रकृती ठीक, थंडी फार. तेही शेवटचं चैत्रात आलेलं.
जेवताना माईंनी लेकाचं विचारलं, "काय म्हणतो?" दादा ताटाकडे बघत म्हणाले, "मजेत आहे. काम वाढलंय." पत्र दोन पानी होतं. दोन्ही पानं कामच?

६ ऑक्टो., शनि.
क्लासला गेले. क्लास म्हणजे चर्चमागचा मिस परेरांचा ओटा. सकाळी त्या शाळेत शिकवतात, चारला मी जाते. वर्ष झालं. यांनीच लिहिलं होतं मँचेस्टरहून, "इंग्रजी शीक, मग बोलावतो." हे गेले तेव्हा यांचा कोर्स दोन वर्षांचा होता. आता चौथं चालू.
मिस म्हणाल्या, "वाचायला हुशार, बोलायला मुकी!" घरी तरी कुठे बोलणं होतं? जाऊबाई वारल्यापासून आम्ही तिघंच. दादा पेपरात, माई जपात.

१० ऑक्टो., बुध.
दादा ऑफिसला गेल्यावर त्यांचं टेबल पुसत होते. पत्र उघडंच होतं, पेपरवेटखाली. वाचू नये. वाचलं.
म्हणजे नीट नाही. यांचं अक्षर किरटं. पण माझं नाव दिसलं. तेवढं वाक्य वहीत उतरवलं: आय यूज्ड टू थिंक ऑफ ब्रिंगिंग कुसुम हिअर.
डिक्शनरीत पाहिलं. यूज्ड टू: सवय असलेला, सरावलेला. म्हणजे मला तिकडे न्यायचा विचार करायची यांना सवयच झालीय. सारखा तोच विचार!
मग मला का नाही लिहीत? पहिल्यापासून असेच. मनातलं मनात. लग्नानंतर महिनाभर माझ्याशी बोलले ते फक्त चहाबद्दल.

१५ ऑक्टो., सोम.
लोकर आणली. करडी मालाडला मिळेना, अंधेरीपर्यंत गेले. कार्डिगन विणायला घेतलंय, स्वतःसाठी. माई म्हणाल्या, "इथे कुठे गं एवढी थंडी?" मी नुसती हसले. त्या बघतच राहिल्या.

२० ऑक्टो., शनि.
मिसनी वाक्यं करून आणायला सांगितली होती, रोजच्या दिवसावर. मी ऐटीत लिहून नेलं, आय यूज्ड टू वेक ॲट फाइव्ह.
मिस : "आता किती वाजता उठतेस?"
"पाचलाच."
"मग चूक. अगो बाय, यूज्ड टू म्हणजे तेव्हा उठत होतीस, आता नाही. सवय आहे म्हणायचंय? मग आधी ॲम लाव. आय ॲम यूज्ड टू, आणि पुढे वेकिंग. ॲम नसेल तर ते संपलेलं."
मी विचारलं, "आणि आय यूज्ड टू थिंक?"
"विचार करत होते. आता करत नाही."
"नक्की?"
"बत्तीस वर्षं शिकवतेय मी." मग माझ्याकडे बघून, "पाणी देऊ?"
पाणी प्यायले. घरी येऊन वही उघडली. ॲम नाही.

२१ ऑक्टो., रवि.
काही नाही.

२६ ऑक्टो., शुक्र.
फराळाच्या भाजण्या भाजल्या. अनारशांचे तांदूळ भिजत घातले. दिवसभर उभी होते. बरं वाटलं. बसलं की…

३ नोव्हें., शनि. पाडवा.
माईंनी यांच्या फोटोला ओवाळायला सांगितलं. वारं होतं, निरांजन विझू नये म्हणून त्या दोन्ही हातांचा आडोसा करून उभ्या. मला त्यांचीच दया आली. त्यांना एवढंही ठाऊक नाही. मला एक वाक्य तरी.

५ नोव्हें., सोम.
माई देवळात गेल्या होत्या. दादांना चहा दिला नि तिथेच उभी राहिले.
"दादा, यांच्या पत्रातलं एक वाक्य मी वाचलं."
वाटलं, रागावतील. चष्मा काढून पुसत बसले. "एकच?"
"एकच."
"बाकीचं वाचू नकोस."
"तिकडे कुणी आहे?"
त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. मी लिहितोय त्याला, समजावतोय. म्हटलं ताळ्यावर येईल. माईला कळलं तर ती…" चहा तसाच.
दोन वर्षं. म्हणजे "इंग्रजी शीक, बोलावतो" लिहिलं तेव्हाही. नुसती वेळ काढत होते. आणि पत्रं इथे टेबलावर उघडी पडायची, मी त्यांच्यावरची धूळ झटकायची. लपवायची गरजच नव्हती कुणाला.

१२ नोव्हें., सोम.
यांना पत्र टाकलं. पोस्टात स्वतः गेले. तीनदा लिहून फाडलं. शेवटी एवढंच, "मला दादांकडून कळलं. तुमच्याकडून कळू द्या. मराठीत लिहा."
रडू आलं नाही. बाजारात भाजीवालीशी उगीचच भांडले.

१७ नोव्हें., शनि.
मिसना सगळं सांगितलं. मराठीत, भडाभडा. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "तू कुठली परीक्षा पास?" म्हटलं, सातवी. "आमच्या शाळेत बालवर्गाला मराठीची बाई हवीय. मदर सुपीरियरशी बोलू?"
दादा काय म्हणतील? आणि माई? घरातल्या सुनेने बाहेर… विचार करते म्हटलं.

२८ नोव्हें., बुध.
मदरनी हो म्हटलंय. मिसना सोमवारपर्यंत उत्तर हवं. घरी बोलले नाही अजून.

१ डिसें., शनि.
सकाळी पत्र आलं. दादांनाच. दादा ऑफिसात. पोस्टमनने माईंच्या हाती दिलं. मी पोळ्या करत होते. माई स्वयंपाकघरात आल्या, पाकीट पुढे धरलं.
"तुला येतं ना आता? वाच."
"दादा आले की वाचतील."
"तो मला 'मजेत आहे' एवढंच वाचून दाखवतो. इतकी वर्षं तेच. तू वाच."
तवा उतरवला. हात धुतले. एकेक वाक्य वाचायचं, मग मराठीत सांगायचं. अडखळत. कुसुमचं पत्र मिळालं. तिला काय लिहू ते सुचत नाही. मी परत येणार नाही. तिला राजापूरला तिच्या भावाकडे नीट पोचवून ये, समजावून सांग.
मी थांबले.
"पुढे?"
"पुढे… माईला यातलं काही सांगू नकोस."
माई पाटावर बसल्या. "परत वाच." परत वाचलं. या वेळी अडखळले नाही.
पत्र त्यांनी माझ्या हातातून घेतलं, घडी केली, आपल्या पेटीत ठेवलं. दादांच्या टेबलावर नाही. म्हणाल्या, "तो आला की मी बोलेन त्याच्याशी. तू मधे पडू नकोस." मग लाटणं घेतलं नि उरलेल्या पोळ्या त्यांनीच लाटल्या. मला जमेना.
शाळेचं तेव्हाच सांगून टाकलं. ऐकलं त्यांनी. "बरं," एवढंच म्हणाल्या. हो की नाही, कळलं नाही. राहा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.
आता दोन वाजलेत. शनिवार, दादा अर्ध्या दिवसाने येतात. माई जेवल्या नाहीत, ओटीवर दाराकडे तोंड करून बसल्यात. मी इथे माजघरात लिहितेय. फाटक वाजलं. माई उठल्या वाटतं