टाकीचा स्टॉप

मंगळवार, ५ मार्च

चौदा नंबरची बस वळवली! टाकीच्या स्टॉपवर आता यायचीच नाही. डेपोतून निघायचं, थेट मोठा रस्ता धरायचा आणि सुसाट. आमची गल्ली, शाळा, टाकी — सगळ्यावर फुली. डेपोतल्या खांबावर कागद चिकटवलाय, तोही वाकडा : 'मार्ग सुटसुटीत करण्यात येत आहे.' कुणाला सुटसुटीत? वाचून शिसारी आली.

सकाळी मला काही फरक पडला नाही, हेही लिहून टाकते. मी डेपोतच चढते. कळलं ते संध्याकाळी. आठ तास उभ्याने चष्म्याच्या काचा घासून पाय भरून आलेले, आणि रोज टाकीपाशी उतरवणाऱ्या बसने आज डेपोत नेऊन ओतलं. तिथून घरापर्यंत सगळा चढ!

आईला सांगितलं. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मग उद्या मी जायचं कसं?"

बुधवार, ६ मार्च

डिसेंबरात आईला झटका आला, उजवा पाय गेल्यासारखाच झाला होता. सोमवार-बुधवार-शुक्रवार दवाखान्यात व्यायामाला जाते. एकटी! घरापासून टाकीचा स्टॉप साठ पावलं — तिनेच मोजलीत. व्यायामाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय, सहा महिन्यांत पाय जेवढा परत येईल तेवढा येईल. पुढचं कठीण. म्हणजे जूनपर्यंत.

दादाचा फोन : "गाडी ठरवून दे ना, त्यात काय?" त्यात काय! तिकडे बसून बोलायला याचं काय जातं? आईने फोन माझ्या हातातून घेतला. "बसच्या तीन पायऱ्या चढते, तोच माझा खरा व्यायाम आहे. पोत्यासारखं गाडीत टाकून न्यायला मी अजून पोतं झालेली नाही."

आज गेली नाही. म्हणाली, पाय दुखतोय.

गुरुवार, ७ मार्च

खोटं बोलली. काल डेपोकडे चालत निघाली होती. शाळेच्या पायरीपर्यंत पोचली, तिथेच अर्धा तास बसून राहिली. इस्त्रीवाल्याने हाताला धरून घरी आणलं. तोच सांगत होता, "रडत होत्या."

शनिवार, ९ मार्च

अर्धी रजा टाकून बसच्या ऑफिसात गेले. साहेब वर न बघता बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून चहात पडलं, ते बोटाने काढून खाल्लं. मग माझ्याकडे बघितलं.

"टाकीवर कुणी चढतच नाही हो, बाई."

मी म्हटलं, बावीस माणसं आहोत आम्ही! त्यांनी फायलीतून जानेवारीच्या मोजणीचा कागद काढला. टाकीचा स्टॉप, चढणारे : सोमवार एक. मंगळवार शून्य. बुधवार एक. गुरुवार शून्य. शुक्रवार एक. शनिवार शून्य.

"आणि उतरणारे? संध्याकाळी सगळे तिथेच उतरतो."

"उतरणारे मोजत नाहीत."

उतरणारे मोजत नाहीत म्हणे! माणसं काय आभाळातून पडतात का बसमध्ये? तो कागद त्याच चहात बुडवावासा वाटला.

पण ऑफिसातून बाहेर आले आणि पायऱ्यांवरच थबकले. तो एक म्हणजे आई. आणि आम्ही बावीस जण कुठे होतो? डेपोत! टाकीवर येईपर्यंत बस भरलेली असते, म्हणून आम्ही सगळे रोज सकाळी बारा मिनिटं उलटं चालत डेपोत जातो आणि खिडकी पकडतो. ही युक्ती काढली कुणी? मी. चार वर्षांपूर्वी. आधी शेजारच्या शिंपीकाकांना सांगितलं, मग ड्रिलमास्तरांना, मग नर्सबाईंना. केवढ्या तोऱ्यात! "दिवसभर उभंच राहायचंय, निदान जाताना तरी बसून जाऊ."

साहेबांची किळस आली होती. आता स्वतःची यायला लागली.

बुधवार, १३ मार्च

बावीस सह्यांचा अर्ज दिला. साहेब आढेवेढे घेत होते, मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ठिय्याच दिला. शेवटी कबूल झाले. मंगळवारी, १९ तारखेला, सकाळची साडेसातची बस जुन्या मार्गाने जाणार. मोजणीवाला टाकीवर उभा राहणार. पंधरा माणसं चढली तर स्टॉप परत. नाहीतर फाईल बंद.

पंधरा! आम्ही तर बावीस आहोत.

रविवार, १७ मार्च

घरोघर फिरले. सगळे हो म्हणाले. शिंपीकाका तर, "तू सांगायचं आणि आम्ही यायचं नाही, असं होईल का पोरी?" मास्तरांनी तेवढं नाक मुरडलं. "म्हणजे डेपोतले परके लोक आरामात बसणार आणि आपण तासभर लोंबकळणार?"

"एक दिवस, मास्तर! आईच्या पायाचा प्रश्न आहे."

"मी येईनच हो. बाकीच्यांचं तेवढं बघा."

घरी आल्यावर आई म्हणते, "मी पण येऊ का मोजायला?" हसू आलं. मंगळवार तुझा वार नाही, म्हटलं, तुझ्याशिवाय भरपूर आहोत, तू आराम कर.

सोमवार, १८ मार्च

नर्सबाई विचारत होत्या, "मास्तर उद्या डेपोत जाणार असं ऐकलं, खरं का?" शिंपीकाकांनीही तेच विचारलं, पण नर्सबाईंबद्दल!

मंगळवार, १९ मार्च

सातला टाकीवर गेले. मी आणि पाटी घेऊन मोजणीवाला. सव्वासात वाजले तरी चिटपाखरू नाही. डोकं फिरलं. एकेकाला बखोटीला धरून आणते म्हणून डेपोकडे धावत सुटले.

सगळे बसमध्ये! एकूण एक. रांगेने बसलेले, तोंडं पडलेली. "मला वाटलं बाकीचे तिकडे असतील, एकाने काय होतंय?" — प्रत्येकाचं हेच. अक्षरशः हेच! मी ओरडले, "मग टाकीवर उतरा आणि परत चढा! त्याला काय कळतंय?" सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. उतरलं की जागा गेली ना! थू.

बस सुटली. शिंपीकाकांनी माझ्या खिडकीपाशी पिशवी ठेवून जागा धरली होती. मी बसले.

माणसांचा वीट आलाय मला.

बुधवार, २० मार्च

कालचं सगळं लिहिलं नाही. टाकीपाशी बस थांबली. कुणी उतरलं नाही. मीसुद्धा नाही.

स्टॉपवर आई उभी होती. तिचा वार नसताना. काठी खांद्याला अडकवून दोन्ही हातांनी दांडा धरला आणि तीन पायऱ्या चढली. मोजणीवाल्याने एक रेघ मारली. बसमध्ये जागा नव्हती. मी उठले, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बस गं. तुला दिवसभर उभं राहायचंय."