तिसऱ्या पावलाची जागा

ती. ताईस,
पाठ वाकू देते तेवढा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे. झोप तेवढी येत नाही, पण ते गादीमुळे असेल.

देशाच्या कर्जाला मुदतवाढ मागायची, म्हणून अर्थमंत्र्यांना भाषण लिहून दिलं. सावकारांना टोमणा बसावा म्हणून त्यात तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटूची गोष्ट घातली. साहेबांना वाटलं, राजाच्या दानशूरपणाचं कौतुकच आहे! त्यांनी ती चांगली रंगवून सांगितली.

सावकारांच्या प्रमुख बाई गोड हसल्या. “पहिल्या पावलाला बंदर दिलंत, दुसऱ्याला वीज कंपनी. तिसरं कुठे ठेवू?”

“ठेवा की इथे!” म्हणत साहेबांनी डोकं पुढे केलं. टाळ्या पडल्या. तिसरी अट पेन्शन निम्मी करण्याची आहे, ताई. मान साहेबांनी वाकवली, पण डोकं तुझ्यासारख्या निवृत्त मास्तरणींचं होतं.

उद्या सही आहे. त्याआधी साहेबांना सांगणार आहे, की तो राजा पुढे पाताळात गेला. बिचकले तर बरं.

गुडघा कसा आहे? औषधं मात्र या आठवड्यातच जास्तीची आणून ठेव.

आज तरी नोकरीत असलेला,
तुझा धाकटा