टुनीचं बोरन्हाण

१ फेब्रु. ७३, गुरुवार
कलकत्त्यात बेहाल्याच्या गॅरेजातून घरगाडी एकदाची रस्त्याला लागली. मूळची जुनी बस. आत दोन पलंग, स्टो, पाण्याची टाकी, खिडक्यांना काकूंनी शिवलेले पडदे. सोहोनी काका रिटायर झाल्यापासून हिच्याच मागं. काकांचा जन्म इथलाच, बालीगंजचा, पण समुद्राच्या कडेकडेनं काकूंना कोकणात न्यायचं म्हणतात. मी ड्रायव्हर. मामाच्या सोनं गाळायच्या भट्टीपुढं छाती भाजून घेण्यापेक्षा हे बरं. मामा म्हणाला, "बळ्या, तुझ्या पायाला भिंगरी हाय. मरशील कुठंतरी." शुभ बोल म्हटलं.
रूपनारायण नदीच्या पुलावर गाणं म्हणत होतो.

२ फेब्रु. शुक्र.
हल्दिया यायच्या जरा आधी खड्ड्यात मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडला. गाडी म्हशीसारखी एका अंगावर बसली. ट्रकनं ओढत आणून मजुरांच्या झोपड्यांजवळ मोकळ्यावर लावली. इथं नवीन बंदर बांधतायत. नुसता चिखल, लोखंड, क्रेन आणि वारा. झाड म्हणून नाही. पाटा कोलाघाटहून यायचा. कधी, विचारलं तर मिस्त्री नदीकडं बघतो.
माणसं येतात, गाडीला हात लावतात, पडद्याकडं बघतात, जातात. 

४ फेब्रु. रवि.
चहाच्या टपरीवर बिहारातल्या छपऱ्याचा एक क्रेनवाला भेटला. म्हणाला, "भैया, गाडी में परदा काहे लगाए हो?" म्हटलं आत बाईमाणूस आहे. मग हळूच सांगायला लागला. गोदीची भिंत बांधली की चिखलात बसते. लोक म्हणतात नदी लहान लेकरू मागते, त्याशिवाय भिंत धरायची नाही. एक गाडी फिरते म्हणे, पोरं उचलते.
कसली गाडी?
 त्यानं आमच्या गाडीकडं बघितलं फक्त.


येऊन काकूंना सांगितलं. तर त्या म्हणतात, "अगं बाई! मग टुनीचं बोरन्हाण करायलाच हवं. रथसप्तमीच्या आत." टुनी म्हणजे चहावालीची पोर, असेल तीनेक वर्षांची. दोन दिवसांत काकूंच्या पदराला चिकटलीय. काकूंना पोरबाळ नाही.
"काकू, इथं नको."
"अरे, लेकरांना काही बाधू नये म्हणूनच करतात ना ते?"
काका म्हणाले, "करू दे रे. आपण काय चोरी करतोय?"
मला बरं वाटत नाही. पण मला कोण विचारतो.

५ फेब्रु. सोम.
लिहायला नको वाटतं. तरी लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.
काकूंनी ब्लाउजच्या कापडाचं काळं झबलं शिवलेलं. हलव्याचे दागिने पेटीत होतेच, दर साली करतात, घालायला कोणी नसतं. टुनीला गाडीच्या दारापुढं पाटावर बसवली. कपाळाला कुंकू, गळ्यात हलव्याचा हार. तिची आई गिऱ्हाइकात होती, हो हो म्हणाली. तिला काय कळलं देव जाणे. काकूंनी बोरं, कुरमुरे पोरीच्या डोक्यावरून सोडले. पोरगी टाळ्या वाजवत होती.
उसाचे करवे राहिले होते. मी गाडीमागं कोयत्यानं तोडत होतो. काकू ओरडल्या, "बळी! अरे बळी, ये लवकर, पोरगी उठेल! बळी!"
मी तसाच पळत आलो. हातात कोयता.

नाव माझं बळीराम. घरी बळी. जन्मात कधी वाटलं नाही की या नावात काही आहे.

समोरून एक बिहारी बाई पाणी घेऊन चालली होती. तिनं बघितलं. काळं कापड, हार, लाल कपाळ, मी, कोयता. घागर टाकली आणि किंचाळली, "बलि! बच्ची का बलि दे रहे हैं!" मग चहूकडून एकच, "छेलेधरा! छेलेधरा!" पोरं धरणारे.
कुठून एवढी माणसं आली. सळया, टिकाव. कोयता टाकू का धरू कळेना. धरला तरी मारणार, टाकला तरी मारणार. काका बंगालीत ओरडत होते. त्यांचं बंगाली त्या लोकांहून चांगलं, पण ऐकतंय कोण. चष्मा कुठं उडाला. काकू टुनीवर ओणव्या झाल्या, तिला लागू नये म्हणून. लोकांना वाटलं पळवतायत. आईनं झिंज्या धरून काकूंना बाजूला केलं, पोर ओढली.
मी मुतलो. लिहायला लाज वाटत नाही.
तेवढ्यात तो क्रेनवाला मधे घुसला. "अरे नाम है इसका! बलिराम! बुढ़िया नौकर को बुला रही है!" मला म्हणतो, "बोल साले, नाम बोल!" मी मान हलवली. कोणीतरी हसलं. एकजण हसला म्हणून आज लिहितोय.
कोयता त्यांनी घेतला. एक म्हातारा पुढं आला, सगळ्यांनी वाट दिली. काकांशी शांतपणे बोलला. काकांनी मला मराठीत सांगितलं, "पोरगी धड राहिली तर जा म्हणतात."
आणि नाही राहिली तर?
काका चष्मा शोधत बसले.

६ फेब्रु. मंगळ.
टुनीला ताप.
चहा बंद आहे. झोपडीपुढं बाया बसल्यात. आमच्या गाडीभोवती माणसं, बिड्या ओढत. क्रेनवाला सांगून गेला, वाऱ्यात बसवली त्यानं असेल, चार पोरांना आहे ताप वस्तीत. पण ते इथं कोण मानतंय.
काकू म्हणतात, "माझ्या हातून काही चुकलं का रे?" मी काय सांगू. आमच्या गावात बोरन्हाणानं कधी कुणाला ताप आला नाही.
मिस्त्री पाटा घेऊन आला. माझ्याकडं न बघता बसवला. निघताना एवढंच, "चोले जाओ." बंगाली का हिंदी कळलं नाही. अर्थ कळला.

७ फेब्रु. बुध.
दुपार. भोवतीची माणसं जेवायला पांगलीत. दोघंच आहेत, तेही लांब. काका म्हणाले, "बळी, हीच वेळ. काढ गाडी." स्टार्टर मारला, पहिल्यांदाच लागली.
तर टुनीची आई समोर उभी. केस मोकळे, डोळे सुजलेले. म्हटलं आता दगड मारते. ती सरळ काकूंच्या दाराशी आली. "मा, एकबार आशुन." एकदा या. पोरीवर जे घातलंत ते काढून घ्या म्हणत होती, काका म्हणाले.
काका म्हणाले, "जाऊ नकोस. ऐक माझं. गेलीस तर आपण तिघंही..."
काकू म्हणाल्या, "घातलंय काय मी, जे काढू?" आणि उतरल्या. मीठमोहऱ्या पदरात बांधल्या, दृष्ट काढायला. त्या बाईच्या मागोमाग चालत गेल्या. झोपडीत वाकून शिरल्या.
काका म्हणाले, "इंजिन बंद करू नको." खाली उतरले आणि तेही गेले.

मी एकटा स्टिअरिंगवर, वही मांडीवर. इंजिन चालू. बिडीवाले दोघं उठून इकडं यायला लागलेत. पळालो तर कोकणापर्यंत कोणी धरणार नाही. पाय क्लचवर आहे, तो ऐकत नाही.
आत्ता झोपडीतून बायकांचा आवाज सुरू झाला. एकदम, सगळ्यांचा. इथल्या बाया काही चांगलं झालं की तोंडानं उलू काढतात. लांबून ते आणि रडणं सारखंच वाटतं मला.
इंजिनामुळं नीट ऐकू येत नाही. बंद करतो.